राष्ट्रीय उद्यान आणि आपली जमीन: पहिल्या अधिसूचनेपासून शेवटच्या अधिसूचनेपर्यंत काय काय करायचं

नवीन निवडून आलेला सरपंच, नाहीतर गावातला एखादा शिकलेला मुलगा, राजपत्राची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे येतो आणि पहिला प्रश्न एकच असतो: "दादा, आमची जमीन गेली का?" बहुतेक वेळा माझं उत्तर असतं, "अजून नाही." या "अजून"मध्येच सगळं काम दडलेलं आहे. राष्ट्रीय उद्यान एका कागदाने होत नाही. सरकार आधी इरादा जाहीर करतं, मग लोकांचे हक्क तपासले जातात, ते निकाली निघतात आणि त्यानंतर शेवटची अधिसूचना निघते. मधला काळ काही महिन्यांचा असू शकतो, काही दशकांचाही. चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. मधल्या एकोणीस वर्षांत तिथल्या गावांनी जे कागद केले किंवा करायचे राहिले, त्यांची किंमत पुढच्या पिढीलाही मोजावी लागते.

हा लेख तुमच्यासारख्या नवख्या माणसासाठी आहे: सरपंच, ग्रामसभेचे कार्यकर्ते, वनहक्क समितीत नव्याने आलेले सदस्य आणि ज्यांच्या आजोबांच्या नावावर जंगलालगत तीन एकर आहे ते सगळे.

पहिली पायरी: राजपत्रातलं कलम शोधा

बाकीचं काही वाचण्याआधी अधिसूचनेत कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय ते पाहा. गावात सगळ्याला मिळून "अभयारण्य आलं" म्हणतात, पण त्यामागे निदान सहा वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीत तुमचे हक्क वेगळे असतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम ३५ चं पोटकलम (१) लिहिलं असेल, तर ती राष्ट्रीय उद्यान करण्याचा इरादा सांगणारी प्राथमिक अधिसूचना आहे. कलम ३५(४) असेल तर ती अंतिम. कलम १८ म्हणजे अभयारण्याचा इरादा, कलम २६अ म्हणजे अभयारण्याची अंतिम घोषणा. कलम ३८व्ही दिसलं तर विषय व्याघ्र प्रकल्पाचा आहे, आणि मग तुमचं गाव गाभा क्षेत्रात आहे की बफरमध्ये, हे विचारायचं.

सहावी गोष्ट म्हणजे इको-सेन्सिटिव्ह झोन. तो वन्यजीव कायद्याखाली येत नाही, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली येतो. त्यात जमीन मालकाकडेच राहते. खाणी, मोठी बांधकामं, प्रदूषण करणारे उद्योग यांवर निर्बंध येतात, शेती चालू राहते. आधी मसुदा निघतो आणि त्यावर हरकत घ्यायला साठ दिवस मिळतात. इको-सेन्सिटिव्ह झोनचा मसुदा पाहून घाबरलेल्या लोकांनी पडेल भावात जमिनी विकल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून आधी कलम वाचा, मग काय ते ठरवा.

अधिसूचनेची पूर्ण प्रत मिळवा. वर्तमानपत्रातली बातमी किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारं अर्धं पान यावर विसंबू नका. विभागीय वन अधिकारी किंवा उपसंचालकांच्या कार्यालयात लेखी मागणी करा. प्रत मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका, उत्तराची मुदत तीस दिवस आहे. प्रतीसोबत सीमांची अनुसूची आणि नकाशा हवाच. अनुसूचीत गट नंबर किंवा जुने सर्व्हे नंबर असतात. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर यांचा मेळ तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात घालून मिळतो. तो मेळ घातल्याशिवाय कोणाचं शेत आत आहे आणि कोणाचं बाहेर, हे सांगायच्या भानगडीत पडू नका. एका चुकीच्या वाक्याने गावात दोन गट पडतात.

जुन्या उद्यानांत एक वेगळी अडचण येते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि १९७२ चा कायदा जन्माला यायचा होता. जुन्या कायद्यांखाली झालेली उद्यानं १९७२ च्या कायद्याने आपल्या पोटात घेतली. अशा ठिकाणी कलम ३५(१) चा कागद सापडणारच नाही. तिथे त्या काळची घोषणा आणि त्याआधीचं राखीव वनाचं सेटलमेंट, म्हणजे हक्कांचा निवाडा, शोधावं लागतं. दुसरी वाट कलम ३५ च्या स्पष्टीकरणातून जाते: जिथले हक्क आधीच संपुष्टात आलेत आणि जमीन सरकारकडे निहित झाली आहे, ती जागा हक्कांच्या नव्या चौकशीशिवाय थेट राष्ट्रीय उद्यान होऊ शकते. वन विभाग कित्येकदा याच स्पष्टीकरणाकडे बोट दाखवतो. तसं झालं तर नम्रपणे एवढंच मागा: "हक्क संपुष्टात आल्याचा आदेश दाखवा." भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २० ची अधिसूचना आणि वन जमाबंदी अधिकाऱ्याचा निकाल, हे ते कागद. त्या निकालात गावाला चराई, सरपण किंवा वाट दिलेली आढळते, आणि पुढे कोणी ती वाचलेलीच नसते.

दुसरी पायरी: तारखांचं गणित

प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर वन्यजीव कायद्यानुसार गोष्टी अशा घडायला हव्यात. जिल्हाधिकारी, किंवा नेमलेला उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, साठ दिवसांच्या आत उद्घोषणा काढतो. ती स्थानिक भाषेत हवी, आणि आतल्या तसंच लगतच्या प्रत्येक गावात प्रसिद्ध व्हायला हवी. उद्घोषणेच्या तारखेपासून दोन महिन्यांत प्रत्येकाने आपला दावा लेखी द्यायचा. सगळी कार्यवाही शक्यतो दोन वर्षांत संपवायची, असं कलम २५अ सांगतं. पण त्याच कलमात असंही आहे की दोन वर्षांत काम झालं नाही म्हणून अधिसूचना रद्द होत नाही. म्हणजे उशीर सरकारला परवडतो, तुम्हाला परवडत नाही.

हा उशीर इतका सार्वत्रिक होता की २२ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना आदेश दिला: राहिलेल्या उद्घोषणा दोन महिन्यांत काढा आणि हक्कांचं काम वर्षभरात उरका. त्यानंतरही कित्येक ठिकाणी काम रेंगाळलं. गोव्यात म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ साली जाहीर झाली आणि सत्तरीतले शेतकरी दोन दशकांनंतरही हक्कांच्या निकालाची वाट बघत होते.

उद्घोषणा कधी लागली याची तारीख पक्की करणं हे तुमचं पहिलं काम. आमच्या भागातल्या एका गावात ती भर पावसाळ्यात लागली, शाळेच्या बंद खोलीच्या दारावर. शेतीचे दिवस, कोणी तिकडे फिरकलं नाही. कागद भिजून गळून पडला आणि दोन महिने संपल्यावर गावाला कळलं. म्हणून अधिसूचनेची कुणकुण लागताच ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना कळवा की उद्घोषणा दवंडी देऊन, ग्रामसभेत वाचून आणि प्रत्येक टोल्या-पाड्यावर लावून प्रसिद्ध करावी. लावताना फोटो काढा. फोटोत तारीख दिसू द्या.

मुदत चुकली तरी हात टेकू नका. कलम २२ नुसार जिल्हाधिकाऱ्याने फक्त आलेले दावे तपासायचे नसतात. कोणी मागितलेले नसले तरी सरकारी दप्तरातून आणि माहितगार माणसांच्या साक्षीतून समजणारे हक्कही त्याने स्वतः तपासायचे असतात. विलंबाचं कारण लिहून अर्ज द्या आणि त्यात हे कलम ठळक नमूद करा.

एक गोष्ट मात्र प्राथमिक अधिसूचनेच्या दिवसापासूनच बंद होते. कलम २० नुसार त्यानंतर त्या जमिनीत नवा हक्क निर्माण होत नाही, अपवाद फक्त वारसाहक्काचा किंवा मृत्युपत्राचा. वडील गेले तर तुमचं नाव लागेल, पण अधिसूचनेनंतर केलेल्या खरेदीखतावर भरवसा ठेवता येणार नाही. शहरातून कोणी येऊन "वाघ बघायला घर बांधतो, जमीन द्या" म्हणत असेल तर त्यालाही हे सांगा आणि स्वतःही इसारावर सही करू नका. वारसाच्या नोंदी अडकल्या असतील तर त्या मात्र याच आठवड्यात करून घ्या. मोबदल्याच्या वेळी मयत आजोबांचं नाव सातबारावर राहिलेलं असलं की भावाभावांत कोर्टकचेरी सुरू होते आणि पैसे कोषागारात पडून राहतात.

तिसरी पायरी: कागद

एका कुटुंबाची जमीन बहुधा दोन प्रकारची असते. थोडी मालकीची, सातबारावरची. थोडी वनजमिनीवरची, जिला विदर्भात जबरानजोत म्हणतात. या दोन्हींचे मार्ग वेगळे. मालकीच्या जमिनीचा दावा वन्यजीव कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. वनजमिनीवरच्या वहिवाटीचा दावा वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेकडे जातो. एकाच अर्जात दोन्ही कोंबले की दोन्हीकडून परत येतात. नवख्या माणसाकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

मालकीच्या जमिनीसाठी सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा घ्या. सातबाराची "इतर हक्क" ही बाजू नीट वाचा. तिथे विहिरीतला हिस्सा, वाट, कूळ, बँकेचा बोजा असतो. वर्ग-२ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर मूळ वाटपाचा आदेश काढा. सातबारावर झाडं, विहीर, गोठा, बांध यांची नोंद नसेल तर आत्ताच पंचनामा करून घ्या, कारण मोबदल्यात त्यांची किंमत धरली जाते.

"राखीव वने" किंवा "खाजगी वने" असा शेरा सातबारावर दिसला तर दचकू नका, पण दुर्लक्षही करू नका. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वनं सरकारकडे निहित झाली. कोकणात आणि मुंबईच्या आसपास हा शेरा फार दिसतो. जुन्या काळी नुसती नोटीस काढली आणि पुढे काहीच केलं नाही, एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आहे. नोटीस खरोखर बजावली होती का, चौकशी झाली होती का, हे फाइलमधून काढा. हे काम वकिलाशिवाय करू नका.

आणि आता सगळ्यांत जास्त विसरला जाणारा कागद: निस्तारपत्रक. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातल्या गावांचं निस्तारपत्रक तहसील कार्यालयाच्या अभिलेखात असतं. गावाने सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, माती-मुरूम कुठून काढायचा, मेलेलं जनावर कुठे टाकायचं, स्मशान कुठे, हे त्यात गावाच्या नावाने नोंदलेलं असतं. वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावाच्या वहिवाटींच्या नोंदीत, वाटा, पाणी आणि मासेमारीच्या वहिवाटी असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या दोन्हींना कलमं आहेत. ज्या गावाला वाटतं की आपल्याकडे पुरावा काहीच नाही, त्याच गावाचं निस्तारपत्रक दोन पानी निघतं आणि त्यावर सरकारी अधिकाऱ्याची सही असते. नक्कल काढा, प्रमाणित करून घ्या, तीन झेरॉक्स करा आणि मूळ प्रत ग्रामसभेच्या पेटीत कुलपात ठेवा.

चौथी पायरी: वनहक्काचा दावा

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६, म्हणजेच वनहक्क कायदा, हा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू आहे. राष्ट्रीय उद्यानात हा कायदा चालत नाही, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ते खोटं आहे. कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द आहेत, आणि हक्क मान्य करणारं कलम "इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी" अशा शब्दांनी सुरू होतं. कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांच्या व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना २०११ साली सामूहिक वनहक्क मिळाले.

वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ रोजी वनजमीन प्रत्यक्ष कसत असायला हवी. जेवढी कसत होता तेवढी, पण चार हेक्टरपर्यंतच. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारसाने जातो, विकता येत नाही. अनुसूचित जमातीच्या लोकांना एवढं पुरतं. इतरांना तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. हे अवघड आहे हे मला मान्य आहे, आणि गावातल्या गवळी, ढिवर, दलित कुटुंबांचे दावे इथेच अडतात. त्यांच्यासाठी शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरच्या जुन्या नकला, जन्म-मृत्यूच्या कोतवाल नोंदी आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब एकत्र लावा. वास्तव्य त्या परिसरातलं दाखवायचं असतं, त्याच गटातलं नव्हे.

पुरावा निदान दोन प्रकारचा हवा. या कायद्याच्या नियम १३ मध्ये यादी आहे आणि ती उदार आहे: घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादी, रेशन कार्ड, शेताचे बांध आणि सपाटीकरण, जुनी झाडं, देवस्थान, स्मशान, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. उपग्रहाचं चित्र हा पूरक पुरावा आहे. केवळ चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा नाकारता येत नाही. आणि वनरक्षकाने वर्षांपूर्वी अतिक्रमणाचा गुन्हा नोंदवून केलेल्या दंडाची पावती घरात कुठे असेल तर ती जपा. लोक ती लाजेने फेकून देतात. तुम्ही त्या साली त्या जागी शेती करत होता, याचा तो वन विभागानेच दिलेला पुरावा आहे. एका आजीबाईंनी लुगड्याच्या घडीत ठेवलेली अशी पावती मी हातात घेतली आहे. तिच्यावर शाईने लिहिलेला कक्ष क्रमांक स्पष्ट होता आणि त्या एका कागदावर तिच्या दोन्ही मुलांचे दावे उभे राहिले.

दावा ग्रामसभेकडे द्यायचा. इथली ग्रामसभा म्हणजे गट ग्रामपंचायतीची सभा नाही, तुमच्या गावाची किंवा पाड्याची सभा. ती वनहक्क समिती निवडते, दहा ते पंधरा जणांची, त्यात एकतृतीयांश तरी बाया. समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, त्या वेळी वन आणि महसूलचे कर्मचारी बोलवायचे असतात. बोलावल्याची लेखी पोच ठेवा, म्हणजे ते आले नाहीत तरी काम अडत नाही. मग ग्रामसभा ठराव करते. त्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया. गणसंख्येअभावी ठराव परत येणं ही फार क्लेशाची गोष्ट आहे, कारण दावा खरा असतो आणि नुसत्या सह्या कमी पडलेल्या असतात. मोहफुलाच्या किंवा धान रोवणीच्या दिवसांत सभा ठेवू नका.

पुढे उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिथलाही पटला नाही तर पुन्हा साठ दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या समितीकडेही अपील करता येतं. नामंजुरी कारणासह लेखी हवी आणि दावेदाराच्या हातात पोचायला हवी. "तुमचं नाव यादीत नाही" असं तोंडी सांगणं म्हणजे निकाल नव्हे.

वैयक्तिक दाव्यांच्या घाईत सामूहिक दावा मागे पडतो. तसं होऊ देऊ नका. तेंदू, मोह, बांबू, मासे, चराई, आणि गावाच्या पारंपरिक सीमेतलं जंगल राखण्याचा हक्क हे सगळं सामूहिक दाव्यात येतं, त्यासाठीचे नमुने वेगळे असतात. भूमिहीन कुटुंबाकडे सातबारा नसतो, जबरानजोत नसते. त्याचा जंगलाशी असलेला संबंध कागदावर येण्याची हीच एक जागा आहे.

आणि हे पाठ करून ठेवा: वनहक्क कायद्याचं कलम ४(५). दाव्यांची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही.

पाचवी पायरी: सुनावणी, आणि राष्ट्रीय उद्यानात बंद असलेला दरवाजा

मालकी हक्काच्या दाव्यात सीमा, क्षेत्र, हक्काचं स्वरूप आणि मागत असलेल्या भरपाईचा आकडा लिहा. आकडा लिहायला लोक कचरतात. लिहाच, आणि तो कसा काढला हेही लिहा. नोटीस आल्यावर सुनावणीला स्वतः जा. जिल्हाधिकाऱ्याला इथे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, साक्षीदार बोलावता येतात, मोजणी करून घेता येते. तोंडी जे बोललात ते लेखी निवेदनातही द्या आणि आवक क्रमांक घ्या.

हक्क मान्य झाला तर पुढे काय, हे वन्यजीव कायद्याचं कलम २४(२) सांगतं. अभयारण्यात तीन वाटा आहेत: ती जमीन सीमेबाहेर काढायची, किंवा संपादित करायची, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने हक्क तसाच पुढे चालू ठेवायचा. कलम ३५(३) राष्ट्रीय उद्यानासाठी हीच प्रक्रिया लावतं, पण तिसरी वाट, खंड (क), स्पष्टपणे वगळतं. म्हणजे १९७२ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात एकतर जमीन बाहेर राहते, नाहीतर सरकारची होते. आत राहून चराई चालू, असा मार्ग नाही. कलम ३५(७) प्रमाणे तिथे गुरं नेताही येत नाहीत. अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान होतंय असं कळलं की लोक म्हणतात, "आधीही जंगल खात्याचंच होतं, काय फरक पडतो?" फरक एवढा मोठा आहे.

म्हणून गावाच्या शेतीचा पट्टा उद्यानाच्या कडेला असेल तर पहिली मागणी सीमेबाहेर ठेवण्याची करा, भरपाईची नंतर. नकाशावर पट्टा रंगवून दाखवा. मध्यभागी असलेल्या गावाला ही मागणी क्वचितच मिळते, ते मी लपवणार नाही.

अंतिम अधिसूचना निघेपर्यंत मात्र हक्क जिवंत असतात, हे न्यायालयांनी मानलं आहे. पेंचचं प्रकरण पाहा. मध्य प्रदेशातल्या पेंच राष्ट्रीय उद्यानाची प्राथमिक अधिसूचना १९८३ ची. तोतलाडोह जलाशयात मासेमारीसाठी तिथल्या ३०५ आदिवासींना परवाने दिले गेले, त्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ मध्ये निकाल लागला तोवर अंतिम अधिसूचना निघालेली नव्हती. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. ओळखपत्र, आग न पेटवणं अशा अटी घातल्या आणि राज्याला अंतिम अधिसूचनेचं काम लवकर उरकायला सांगितलं. आपल्या पूर्वजांच्या मासेमारीचा दावा त्या लोकांनी केला होता, म्हणून तिथे बोलायला काहीतरी होतं.

सहावी पायरी: मोबदला आणि पुनर्वसन

संपादन ठरलं तर मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या रीतीने काढला जातो. बाजारभाव, ग्रामीण भागासाठी त्यावर गुणक, झाडं-विहीर-घराची किंमत आणि या सगळ्याइतकीच दिलासा रक्कम. संमतीने जमिनीच्या बदल्यात जमीनही घेता येते. सार्वजनिक वाट किंवा गायरान बंद होत असेल तर पर्यायी वाट आणि पर्यायी चराई देण्याची तरतूद वन्यजीव कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. ती कोणी आपणहून देत नाही, ग्रामसभेने ठरावाने मागावी लागते. निवाडा पटला नाही तर पैसे घेताना "हरकतीसह स्वीकारले" असं लिहून सही करा आणि सहा आठवड्यांच्या आत वाढीव मोबदल्यासाठी अर्ज द्या.

उद्यान व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात असेल तर पुनर्वसनाची वेगळी योजना लागते. प्रति कुटुंब १० लाख रुपये होते, २०२१ पासून १५ लाख झाले. पर्याय दोन: पूर्ण रक्कम रोख, किंवा वन विभागाकडून जमीन, घर आणि गावातल्या सोयींसह पुनर्वसन. अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब धरला जातो. अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटित बाई, अपंग व्यक्ती आणि आईबाप गेलेलं मूल हीसुद्धा. यादीच्या पहिल्या मसुद्यात मुली आणि विधवा हमखास सुटतात. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा.

माझं मत विचाराल तर रोख रकमेचा पर्याय नीट विचार केल्याशिवाय घेऊ नका. जंगलात राहणाऱ्या घराला सरपण, भाजी, मोह, औषध, पाणी फुकट मिळतं. बाहेर पडल्यावर ते सगळं विकत घ्यावं लागतं आणि पैसा दोन-तीन वर्षांत उडतो. मेळघाटातून अकोल्याच्या बाजूला आलेल्या गावांतली काही कोरकू माणसं सोयी आणि जमीन मिळाली नाही म्हणून पुन्हा जंगलाकडे परतली होती. नवी जागा बघायला जाणाऱ्यांत बायांना न्या. विहिरीचं पाणी मेच्या अखेरीस टिकतं का, हे बघूनच होकार द्या.

होकार देण्याआधी वन्यजीव कायद्याचं कलम ३८व्ही(५) आणि वनहक्क कायद्याचं कलम ४(२) ग्रामसभेत वाचा. दोन्हींत अटी जवळपास सारख्या आहेत: वनहक्कांची प्रक्रिया आधी पूर्ण व्हायला हवी, सहजीवनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही हे ठरायला हवं, ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती हवी, आणि नव्या जागी जमीन व सोयी तयार झाल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. संमतीच्या ठरावात कोणत्या अटींवर संमती, हे एकेक करून लिहा. कोऱ्या कागदावर सह्या देऊ नका, सह्या मागणारा कितीही ओळखीचा असो.

शेवटची पायरी: अंतिम अधिसूचना हाती आली की

कलम ३५(४) ची अधिसूचना दोनच गोष्टी घडल्यावर निघू शकते: दाव्यांची मुदत संपून सगळे दावे निकाली निघालेत आणि जमिनीतले सगळे हक्क सरकारकडे निहित झालेत. तुमचा दावा प्रलंबित असताना ती निघाली असेल तर दाव्याची पोच आणि अधिसूचना घेऊन लगेच वकिलाला भेटा. उच्च न्यायालयात दाद मागता येते, पण वर्षं गेल्यावर "इतके दिवस काय केलं?" हा प्रश्न समोर येतो.

प्राथमिक आणि अंतिम, दोन्ही अधिसूचनांच्या अनुसूच्या शेजारी शेजारी ठेवून गट नंबर जुळवा. सुनावणीत बाहेर काढलेले गट खरोखर बाहेर गेलेत का, ते पाहा. एकदा अंतिम अधिसूचना निघाली की सीमा बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, त्यामुळे टंकलेखनातली चूकसुद्धा वर्षानुवर्षं निस्तरावी लागते. चूक सापडली तर शुद्धिपत्रकासाठी जिल्हाधिकारी आणि वन विभाग दोघांना एकाच दिवशी लेखी कळवा. मग तलाठ्याकडे जाऊन बाहेर राहिलेल्या गटांच्या सातबारावर वन विभागाचा शेरा चुकून चढला नाही ना, हे तपासा, आणि पुढच्या पेरणीआधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून दगड रोवून घ्या.